वेळ तपासावी

जिल्हा कार्यालयाचं पत्र मी तीनदा वाचलं.
विषय : दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार, हत्तीरोग,
रात्रीचे रक्त सर्वेक्षण, इचलकरंजी.
'दुर्लक्षित'पाशी दरवेळी अडखळतो.
कुणी केलं दुर्लक्ष, ते त्या शब्दात मावत नाही.
शाळेत मास्तर म्हणायचे,
कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतंय की.

पाचशे काचपट्ट्या, स्पिरिट, कापूस, टोचायच्या सुया
आणि माझी मोटारसायकल,
जिचं पेट्रोल मार्चअखेर मंजूर होईल म्हणतात.

जंतू दिवसभर फुप्फुसात दडून बसतो.
अंधार पडला की बोटाच्या टोकापर्यंत फेरफटका मारतो.
असा वक्तशीरपणा आमच्या खात्याला जमलेला नाही.
म्हणून आम्ही रात्री निघायचं, आठ ते बारा.
अर्जावर तसं छापलेलंच आहे.

पत्र्याच्या शेडांमागं एका खोलीत बारा माणसं, सहा वाकळा.
दिवसपाळी उठली की रातपाळी आडवी.
वाकळ कधी गार होत नाही.

जुलेखा मोमीन कांड्या भरते.
उजवा पाय तिनं दाखवला तो
घर न सोडणारा भाडेकरू दाखवावा तसा.
मी कार्ड वाचलं : रोज साबणानं धुवा,
बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा.
"पाणी चौथ्या दिवशी येतंय, सायेब.
पायाला सांगू का, तीन दिस दम काढ म्हणून?"
कार्डावर नळाचं चित्र होतं.
धार छान निळी काढलेली.

मागांच्या खडखडाटात नाव विचारायचं तर ओठ वाचावे लागतात.
शरणबसप्पा. आळंदकडचा. नऊ वर्षं रातपाळी, सहा माग.
डावा हात माझ्याकडं, उजवा धाग्यावर, नजर कापडावर.
थेंब घेतला. निरंक.
शेजारच्याचा, निरंक. त्याच्या पलीकडच्याचा,
निरंक.
तीनशे चाळीस पट्ट्यांत एकही नाही.
वरून फोन आला, शाब्बास,
जिल्हा मुक्तीच्या वाटेवर आहे.

झोप आली नाही.
सुतारकाका, आमचे जुने तंत्रज्ञ,
निरोपसमारंभाचा नारळ काखेत धरून म्हणाले होते,
"जंतूला सूर्य कळत नाही रे.
तो ज्याच्या अंगात राहतो, त्याच्या झोपेवर चालतो.
माणूस वर्षानुवर्षं रात्री जागला
तर तोही पाळी बदलून घेतो."
तेव्हा मी हसलो होतो. पेढा खाल्ला होता.

मग दुपारी एक वाजता, सरकारी कागदाशिवाय, गेलो.
परवानगी त्यानं आदल्या रात्रीच दिलेली :
"टोच, पण उठवू नको."
टोचलं. डोळे न उघडता त्यानं विचारलं,
"धागा तुटला?"
नाही म्हटलं. कूस बदलली त्यानं.

पट्टी रंगवली, दुर्बिणीखाली सरकवली.
जांभळट, वळसा घेतलेला,
जणू सुताच्या गुंत्यातून निसटलेला बारीक तुकडा.
एकोणीस जण झोपलेले. चौघांत सापडला.

अहवालात वेळ खरी घातली : दुपारी एक वाजून दहा.
सोबत गोळ्यांचं मागणीपत्र जोडलं,
टाचणी नीट टोचून.

आठव्या दिवशी दोन्ही कागद परत.
वेळेभोवती तांबड्या पेन्सिलीचं कडं,
समासात दोनच शब्द : वेळ तपासावी.
संगणक आठच्या अलीकडचा आकडा घेत नाही म्हणे.
आठ वाजता म्हणून लिहा, बाकी सगळं बरोबर आहे,
टेबलावरचा लेखनिक कळवळून बोलला.
त्याच्याही घरी चौथ्या दिवशीच पाणी येतं.

आठ लिहिलं असतं तर गोळ्या आल्या असत्या.
आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी
रात्री आठला, जागत्या बोटातून,
निरंक, निरंक, निरंक.

पेन उघडं ठेवून बराच वेळ बसलो.
बाहेर सहाचा भोंगा झाला,
म्हणजे आता तो उठून चूळ भरत असेल
आणि त्याच्या वाकळेवर दुसरा कुणी.
कड्याखाली मी लिहिलं, तपासली.
सही केली.
शाई वाळेपर्यंत कागदावर हात ठेवला नाही.